लाल टॅग लावलेला झेंडा

अण्णा,

आमच्या कारखान्यात एक नियम आहे. तुम्हाला तो लगेच कळेल, कारण तुमचाही सगळा जन्म मापात गेला. दवाखान्यातल्या यंत्रांना लागणारे धातूचे बारीक भाग आम्ही बनवतो आणि ते मापात आहेत की नाहीत हे मी बघतो. जो भाग बसत नाही त्याला लाल टॅग लावायचा, त्यावर कारण लिहायचं, खाली सही करायची. त्यानंतर त्या वस्तूला कुणी हात लावत नाही. मालकसुद्धा नाही. ज्यानं टॅग लावला त्यानंच तो काढायचा, आणि काढतानाही कारण लिहायचं. ॲन आर्बरच्या मोठ्या विद्यापीठात शिकलेले इंजिनियर माझ्यासमोर भाग ठेवतात आणि मी काय म्हणतो याची वाट बघत उभे राहतात, हे सांगताना माझी छाती फुगते. नकाशे वाचायला, सूक्ष्ममापी धरायला मला कुणी शिकवलं नाही, जुनी पुस्तकं उघडून मी एकटा शिकलो, असं मी सगळ्यांना सांगत आलो आहे. तुमच्या शिलाईच्या मशीनशेजारी बसून टेप धरायला शिकलो, हे त्यात कधी आलं नाही.

टूलरूममध्ये, म्हणजे हत्यारं आणि साचे बनतात त्या खोलीत, एक म्हातारा इंग्रज आहे. चाळीस वर्षं या देशात राहून बोलणं तिकडचंच ठेवलेला, येत्या जूनमध्ये निवृत्त होणारा. मला तो नावानं हाक मारत नाही, 'इन्स्पेक्टर' म्हणतो. इथे मार्चमध्ये आयरिश लोकांच्या संताचा दिवस असतो. त्या दिवशी अख्खा कारखाना हिरवा होतो, डोनट हिरवे, टोप्या हिरव्या, ज्यांचा आयर्लंडशी काडीचा संबंध नाही तेही हिरवे. एप्रिलच्या तेवीस तारखेला इंग्रजांच्या संताचा दिवस असतो, तो कुणाच्या गावी नसतो. हा म्हातारा तेवढा आपल्या बाकावर एक पांढरा झेंडा लावायचा, त्यावर लाल फुली. घरी भाजलेले बन आणायचा आणि कुणी विचारलं नाही तरी सगळ्यांना वाटायचा.

गेल्या वर्षी जेवणाच्या खोलीत त्यावरून वाद रंगला. नागपूरहून आलेला एक तरुण इंजिनियर आहे, मला काका म्हणतो. त्यानं सहज विचारलं, "इंग्रजांनी हा दिवस सेलिब्रेट करावा का यार, काका? म्हणजे, ज्यांनी सगळ्या जगाला सुट्ट्या दिल्या स्वातंत्र्यदिनाच्या, त्यांना आपली एकही नको?" लोक हसले. म्हाताराही हसला. तेवढ्यावर संपलं असतं, पण मला माहिती होती ना! मी डबा बाजूला सारला आणि बोलायला लागलो. हा संत इंग्रज नव्हताच, म्हटलं. आजच्या तुर्कस्तानाकडचा, रोमन फौजेतला शिपाई. इंग्लंडच्या मातीवर त्याचं पाऊल पडलं नाही. त्यानं अजगरासारखा राक्षस मारला ही मागाहून जोडलेली गोष्ट. तोच संत आणखी कितीतरी देशांचा. आणि त्याचा झेंडा आज मिरवतं कोण, तर परक्यांना मारायला निघालेली टोळकी. "मग साजरं काय करायचं?" असं म्हणून मी सगळ्यांकडे पाहिलं. म्हातारा म्हणाला, "खरं आहे तुझं, इन्स्पेक्टर. बन घे, गार होतोय."

मी बन घेतला नाही. उठलो, त्याच्या बाकापाशी गेलो आणि खिशातली पोलादी पट्टी काढली. फुलीच्या पट्ट्याची रुंदी झेंड्याच्या उंचीच्या एक पंचमांश हवी, हे मी कुठेतरी वाचलं होतं. ती जवळजवळ एक चतुर्थांश भरली, आणि आडवा पट्टा उजवीकडे खाली गेला होता. मी लाल टॅग घेतला, सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'माप चुकलं, फुली तिरकी,' सही केली आणि झेंड्याच्या काठीला अडकवला. काय हशा पिकला म्हणून सांगू! नागपूरवाला म्हणाला, "काका, क्लीन बोल्ड!" म्हाताऱ्यानं टॅग वाचला, चष्मा काढून पुन्हा वाचला, झेंडा गुंडाळला, खणात ठेवला. मला वाटलं, मान्य केलं त्यानं.

घरी मी हा किस्सा जेवताना रंगवून सांगितला. मुलगी इथेच जन्मलेली, मराठी समजते पण उत्तर इंग्रजीतूनच देते. तिनं चमचा खाली ठेवला आणि विचारलं, "बाबा, डिड एनीवन आस्क यू टू मेजर इट?" मोजायला सांगितलं होतं का कुणी? मी चिडलो. म्हटलं, चूक ती चूक, सांगायला कुणाची परवानगी लागते? पण तिचा तो प्रश्न आला आणि मला आपल्या स्वयंपाकघराच्या दारातली तुमची मशीन दिसली.

चैत्र आहे. भैरोबाची जत्रा चार दिवसांवर आली आहे. उजेड तिथेच चांगला म्हणून मशीन दारात ओढलेली, आत आई पुरणाची डाळ निवडते आहे, आणि तुम्ही देवाचं निशाण शिवता आहात. दर वर्षी नवं निशाण शिवायचा मान आपल्या घराचा. मी एकोणीस वर्षांचा, तालुक्याच्या वाचनालयातली दोन कपाटं संपवलेला. आदल्या संध्याकाळी पारावर पंचमंडळींसमोर मी भाषण ठोकून आलो होतो, की भैरोबा आपल्या गावचा नाहीच. भक्ताच्या मागून दूरच्या मुलखातून चालत आला आणि भक्तानं वळून पाहिलं म्हणून इथे थांबला, हे तुम्हीच सांगता. मग ग्रामदैवत कसला, पाहुणा म्हणा. आणि त्यानं राक्षस मारला त्याला पुरावा काय? पाटील म्हणाले होते, "लेका, पाहुणा म्हण नाहीतर जावई म्हण, इतकी वर्षं राहिलाय ना आपल्यात?" सगळे हसले. मला ते हसणं झोंबलं होतं. म्हणून घरी येऊन मी तुमच्यावर राग काढला. म्हटलं, "निशाणाची एक बाजू चार बोटं कमी आहे. देव परका तो परका, निशाणही वाकडं."

तुम्ही चष्मा वर केलात. "मोजलंस?"

"मोजलं."

"मग असेल. डोळे गेले आता माझे." मग शांतपणे म्हणालात, "मोजून झालं असेल तर ये, हे टोक धर. उसवून घेऊ."

मी म्हटलं, मला वाचनालयात जायचंय. आणि गेलो. तुम्ही एकट्यानं ती सगळी शिवण उसवलीत आणि दुसरी बाजू कापून पुन्हा शिवलीत. त्या जत्रेत काठीवर निशाण आखूड दिसलं, सगळ्या गावानं पाहिलं. कुणीतरी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "हात चुकला माझा." मी तिथेच, तुमच्यामागे उभा होतो.

यंदा तेवीस एप्रिलला बाकावर झेंडा नव्हता. बनही नव्हते. सकाळभर मी तीन वेळा टूलरूमवरून गेलो, कामाशिवाय. शेवटी आत शिरून विचारलं, "आज झेंडा नाही?" त्यानं खण उघडला. झेंडा तसाच गुंडाळलेला, टॅग अडकवलेला. म्हणाला, "रिजेक्ट माल मी बाहेर कसा काढू, इन्स्पेक्टर? सही तुझी आहे." तो हसत होता. मी हसू शकलो नाही. मग त्यानं, विचारल्याशिवाय, पान्हा पुसत पुसत सांगितलं. झेंडा त्याच्या बायकोनं शिवलेला. तिचे आईवडील जमैकाहून इंग्लंडात आलेले. लहानपणी खिडकीत हा झेंडा दिसला की ती रस्ता ओलांडून पलीकडून जायची, कारण तो लावणारी पोरं दगड मारायची. इथे आल्यावर एका वर्षी तिनं जुनी चादर कापली आणि स्वतःच एक शिवला. म्हणाली, त्यांच्याकडेच ठेवला तर तो त्यांचाच होऊन बसेल. मी तिथे जन्मले, माझाही आहे. "मोजमाप तिनं काही केलं नाही," तो म्हणाला. "तुझं बरोबर होतं. फुली तिरकीच आहे. ती गेल्यावर मी तो फक्त याच दिवशी काढायचो."

अण्णा, माझं सगळं बरोबर होतं. संत परका, गोष्ट रचलेली, टोळकी खरी, माप चुकलेलं. इंग्रजांनी त्यांचा दिवस साजरा करावा की नाही, यावर मी आजही तासभर बोलू शकेन आणि एकही तपशील चुकणार नाही. पण साजरा करणारा माणूस समोर बन घेऊन उभा होता, आणि मी त्याच्या मेलेल्या बायकोच्या शिवणीला पट्टी लावत होतो.

टॅग काढायचा तर त्यावर निकाल लिहावा लागतो. दुरुस्ती, भंगार, नाहीतर 'आहे तसं स्वीकारलं.' हा तिसरा निकाल मी इतक्या वर्षांत एकदाही लिहिला नव्हता; त्याचा मला अभिमान होता. तो लिहिला. कारणाच्या रकान्यापाशी पेन अडलं. शेवटी लिहिलं, 'तपासनिसाची चूक.' म्हाताऱ्यानं वाचलं आणि म्हणाला, "तारीख राहिली." मी तारीख घातली. मग तो स्टुलावर चढला, झेंड्याचं एक टोक माझ्याकडे आलं आणि मी ते धरलं. कापड इतकं विरलेलं होतं की त्यातून माझी बोटं दिसत होती. माफी मात्र तोंडातून आली नाही. रकान्यात लिहिली तेवढीच.

तुम्ही गेलात तिकडे पत्र पोचवणारी कुठली पेटी नाही, म्हणून हे दुपारच्या सुट्टीत लिहून माझ्या खणात, टॅगच्या गठ्ठ्याखाली ठेवतो आहे. एक गोष्ट राहिली आहे, ती तुमच्यापाशी कधी बोललो नाही. त्या चैत्रात तुम्ही विचारलंत आणि मी मोजलं म्हणालो. मी मोजलं नव्हतं, अण्णा. टेप तुमच्याच गळ्यात होता.