आईची आई, तिची आई

३ जून १९६२, रविवार
काल शब्बाथ, शनिवारचा विसावा, लेखणी धरायची नाही. म्हणून कालचं आज. शालोमचं इस्राएलातून, बीरशेबाहून पत्र! आमच्या लग्नाला तिकडची धर्मकचेरी परवानगी देईना. आम्ही हिंदुस्थानातले बेने इस्राएल खरेच यहुदी का, अशी शंका. वंशावळ पाठवा म्हणतात.

बाबा खूष. असा प्रश्न त्यांना जन्मात कुणी विचारला नव्हता. ताट वाढलेलं, तरी सुरू — पूर्वज छळाला कंटाळून निघाले, कोकणात नवगावला गलबत फुटलं, सात पुरुष नि सात बायका वाचल्या... जणू स्वतः ओलं धोतर पिळत किनाऱ्यावर उभे होते.

५ जून
वंशावळ तयार. अकरा पिढ्या, सगळे पुरुष! मीच सुवाच्य अक्षरात उतरवली, तीनदा तपासली. शेजारच्या चित्पावन वासंतीताई म्हणाल्या, "गलबत आमच्याही पूर्वजांचं फुटलं म्हणतात. कोकणचा किनाराच वाईट!" बाबा चहा न घेता आत गेले.

१९ जुलै
कागद परत. बापाकडची नको, आईकडची हवी; यहुदीपण आईकडून येतं म्हणे. आई, आईची आई, तिची आई... आई जाऊन सहा वर्षं झाली. तिची आई रिबका. तिच्यामागे? बाबांनाही ठाऊक नाही. दोन हजार वर्षांपूर्वीचं गलबत तोंडपाठ, बायकांची नावं तेवढी समुद्रात!

२० जुलै
आईची मावशी, म्हणजे रिबकाची बहीण, दीनाआजी, ऐंशीची. तिच्याकडे गेले. त्या दोघींच्या आईचं नाव तिनं चटकन सांगितलं, मग पुढचं विचारलं.

"तुझ्या आईच्या आईचं नाव काय गं?"

"आजी."

"आजोबा काय हाक मारायचे?"

"अगं ए."

मग एकदम उखडली. "शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवून उपाशी राहिलेली बाई ती! ती यहुदी का, हे विचारणारे हे कोण?"

२२ जुलै
बाबांचा तोडगा — "लिही सारा, राहेल, लेआ. शास्त्रातलीच नावं. बघायला कोण जातंय?" हेच बाबा! शाळेआधी मला घरीच हिब्रू शिकवली, तेव्हा एक अक्षर चुकलं तर ओळ पुन्हा पहिल्यापासून.

खरं लिहावं तर लग्न अडतं. खोट्यावर लागलेलं लग्न खरं कसं?

दीनाआजीच्या आईच्या पुढे लिहिलं — "माहीत नाही." खाली दीनाआजीची घाण्याची हकीकत. पाकीट स्वतःच टाकून आले.

२३ जुलै
बाबांना कळलं. परत आलेली अकरा पिढ्यांची वंशावळ त्यांनी पेटीत घालून कुलूप लावलं.

३० ऑगस्ट
शालोमचं पत्र. "कचेरीतला साहेब चांगला निघाला. म्हणाला, मुलीनं शुद्धीचं स्नान करावं, यहुदी झाल्याचा दाखला लगेच देतो. दहा मिनिटांचं तर काम! तुझ्या वतीनं मी हो म्हणून टाकलं."

झाल्याचा! म्हणजे आजवर मी कोण होते?

३१ ऑगस्ट
शालोमची आई इथंच, कसब्यात राहते. साखरपुड्याची अंगठी तिच्या हातावर ठेवून आले. बाबांना अजून सांगितलेलं नाही.