उतरायच्या पायऱ्या

३ मार्च, सोमवार
माझा कोड तपासणाऱ्या अप्पांनी दुरुस्ती परत पाठवली. तिसऱ्यांदा!

दुखणं आमच्या आभासी नेटवर्क कार्डाचं — म्हणजे हातात धरता येत नाही असं, नुसतं सॉफ्टवेअरमधलं. ते सुरू करताना ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा कोड, आधी मेमरी घेतो, त्या मेमरीत माहितीच्या पॅकेटांची रांग उभी करतो, मग सिस्टीमकडे नाव नोंदवतो. नोंदणी फसली तर घेतलेलं सोडून ‘फसलं’ म्हणून सांगायला हवं. जुना कोड फसूनही शून्य सांगतो. शून्य म्हणजे सगळं ठीक. पडलो तरी नाक वर!

ते मी बदललं. पण अप्पांचा शेरा : “रांग त्या मेमरीत उभी आहे. तिच्या पायाखालची जमीन आधी काढलीस.” दोन्ही सोडलं ना? मग आधी काय नि नंतर काय!

नवरा म्हणतो, नसलेल्या कार्डाच्या आजारपणात तू वाळत चाललीस.

४ मार्च
सगळ्या टीमसमोर उत्तर दिलं. “अप्पा, स्वतः कोड लिहायचं सोडलंत, आता नुसती खोट काढायला उरलात.”

कुणीतरी त्याखाली ‘लाइक’चा अंगठा टाकला. मला बरं वाटलं. हे जास्त वाईट.

५ मार्च
अप्पांनी बाकीच्यांचे बदल तपासून टाकले. माझं उत्तर तसंच.

६ मार्च
आज नोंदणी मुद्दाम फसवून पाहिली. पुन्हा पुन्हा. बराच वेळ काही झालं नाही, मी मनात जिंकत होते. मग मशीन धाडकन बसलं. मेमरी गेलेली, रांग तशीच उभी! अप्पा अक्षरशः हेच सांगत होते.

नवीन होते तेव्हा त्यांनी मला ऑफिसच्या जिन्यात नेलं होतं. चढताना मोठ्याने म्हणायला लावलं — मेमरी, रांग, नाव. मग म्हणाले, “आता उतर. शेवटची पायरी आधी. उतरताना चुकलीस तर तोंडावर.” लोक हसत होते, आम्हीही हसलो. त्या माणसाला मी असं बोलले. जीभ झडली असती तर बरं.

फोन हातात घेतला, ठेवला. आधी बरोबर दुरुस्ती पाठवावी, मग माफी मागावी.

७ मार्च
पाठवली. दुपारी मंजूर. अप्पांचा एकच शब्द — “ठीक.” टोमणा नाही, शेरा नाही. स्वल्पविरामावरून हटकणारा माणूस!

संध्याकाळी फोन केला, उचलला नाही. कालच करायला हवा होता. इथेही क्रम चुकला माझा.

१० मार्च, सोमवार
अप्पांनी स्वतः लिहिलेला बदल आलाय, तपासायला माझ्याकडे. ड्रायव्हर सांभाळणाऱ्यांच्या यादीत आम्ही दोघंच. त्यातली त्यांच्या नावाची ओळ काढलीय. खाली : “उतरतोय. मागचं बघून घे.”

तीनदा वाचला. खोट काढायला काही नाही.