मला फक्त वाईट वाटलं

१ फेब्रुवारी, रविवार
जुईली माझ्या चष्म्यावर बसली. काडी तुटली. माझ्या लहानपणी बापूंनी अशा वेळी मला पट्ट्याने फोडलं असतं. तसला बाप मला व्हायचं नाही. लेकीला नेहमीप्रमाणे शांतपणे म्हणालो, ‘मी रागावलो नाही. मला फक्त वाईट वाटलं.’ खोलीत गेलो. दार हलकेच लावलं. आपटणं हीसुद्धा हिंसाच. मग अबोला, तिला समजेपर्यंत. संध्याकाळी दाराबाहेर बसून रडत होती. परिणाम उत्तम. मला बरं वाटलं का? प्रामाणिकपणे : थोडं. पण ते समाधान होतं, आनंद नव्हे.

८ फेब्रुवारी, रविवार
मुळशीला बापूंकडे. धरणावर जुईलीच्या हातून माशांची बादली कलंडली. बापूंनी ‘डोळं फुटलं का तुजं?’ म्हणत पाठीत धपाटा घातला. घरी आल्यावर त्याच हाताने काटे काढून तिला मासा भरवत होते. आणि ती हसत होती! पंचशील घेतलेल्या माणसाने हात उचलू नये, असं मी समजावलं. म्हणाले, ‘आरं, मी मारतो आन् सोडतो. तू पोरीला दिसभर खुंटीला टांगून ठिवतोस.’
अडाणी उपमा.

११ फेब्रुवारी, बुधवार
शाळेतून बाईंचा फोन. जुईली बेंचवरच्या रेश्माशी बोलतच नाही. रेश्माकडून हिचा डबा सांडला, एवढंच. ‘मी रागावले नाही, मला फक्त वाईट वाटलं,’ म्हणाली म्हणे. रेश्मा आता शाळेत यायला तयार नाही. बाई म्हणाल्या, ‘हे वाक्य लहान मुलीचं वाटत नाही हो.’
वडिलांचा प्रभाव पडतो, हे सिद्ध झालं. वापर तेवढा चुकला. कुणाशी बोलणं बंद करणं हा क्रूरपणा आहे, असं जुईलीला सांगितलं. ते तिच्या नीट लक्षात राहावं म्हणून तिच्याशी बोलणं बंद केलंय.

१४ फेब्रुवारी, शनिवार
शाळेत ‘माझे बाबा’ कार्यक्रम. सकाळी जुईलीने विचारलं, ‘बाबा, येणार ना?’ अबोला चालू होता, उत्तर दिलं नाही. जाणार होतोच. शर्टाला इस्त्रीही केली होती.
पोचलो, तर माझ्या खुर्चीवर बापू. टोपी मांडीवर. तिनेच फोन करून बोलावलेलं. मुळशीहून पहिल्या एसटीने आमच्या भूगावात हजर. भाषणात म्हणाली, ‘आजोबा ओरडतात. म्हणजे ते माझ्याशी बोलतात.’ टाळ्या. मीही वाजवल्या, मागे उभा राहून.
घरी येऊन मी मोठ्या मनाने अबोला मागे घेतला. तिने तिचा सुरू केला.

१६ फेब्रुवारी, सोमवार
सॉरी म्हणालो. आइस्क्रीम आणलं. वितळलं. बायकोला मध्यस्थी करायला सांगितलं, तर तृप्ती म्हणाली, ‘तुझीच विद्यार्थिनी आहे. पहिली येणार.’
संध्याकाळी जुईलीच्या खोलीत गेलो. विनवलं, ‘काहीतरी बोल. ओरड हवं तर माझ्यावर.’ ती चित्र रंगवत राहिली. माझा हात कधी उठला, कळलं नाही. अगदी बापूंचा हात. फक्त मागाहून भरवायला मासा नव्हता.
तिने गाल चोळला. रडली नाही.
‘मी रागावले नाही, बाबा. मला फक्त वाईट वाटलं.’
मी बाहेर आलो. तिने दार लावलं. हलकेच.