हॉल राखाडी करून ठेवतो म्हणालो होतो

आदरणीय दादांना,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनींचा खोकला थांबला असेल अशी आशा आहे. आमची प्रकृती उत्तम, फक्त सकाळपासून वाचा बसली आहे, म्हणून लिहितोय. (फोन केला असता, पण तुमच्याकडचा फोन हल्ली तुमची बहीणच उचलते. पत्र ड्रायव्हरच्या हाती देतोय, तिच्या नजरेआड वाचा.)

लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण घरासाठी तिने कधी तोंड उघडून काही मागितलं नव्हतं. यंदा पहिल्यांदाच म्हणाली, हॉल मला राखाडी हवा. निळसर नको, हिरवट नको, नुसता राखाडी. मग भिंतीवर चार छटांचे पट्टे ओढून बाईसाहेब तीन आठवडे त्यांच्याकडे बघत होत्या. सकाळी बघायच्या, भर दुपारी बघायच्या, दिवा लावून बघायच्या. मी म्हटलं, अगं, स्थळं बघतेयस का? शेवटी एक पसंत पडला, रंगाऱ्याला त्याचा नंबर दिला आणि ती तुमच्याकडे आली. येशील तेव्हा हॉल तयार असेल, असा शब्द मी दिला.

आता दादा, मी एका पान्यावर धंदा उभा केलेला माणूस. ठोकलेल्या गाड्यांना राखाडी अस्तर मारण्यात हयात गेली. मला कुणी राखाडी शिकवावा? म्हणून डबा आधी गॅरेजमध्ये मागवला, पत्र्यावर एक हात मारला आणि बघतो तर शेवाळ! माझ्या बायकोला दुकानदाराने फसवलं, या विचाराने डोकंच फिरलं. तिथल्या तिथे थोडा लाल, थोडा निळा, असं थेंब थेंब घालत रंग अस्सल राखाडी करून घेतला. रंगारी पुटपुटला, "आपल्याला काय." (माझे कान तिखट आहेत.)

काल रात्री मी घरी पोचेपर्यंत रंगाऱ्याने हॉल उरकला होता. आज सकाळी हॉलचे पडदे सरकवले. चारही भिंती जांभळ्या! शेजारचे मास्तर पेपर मागायला आले, ते दारातूनच "घर चुकलो वाटतं" म्हणून परत फिरले. उरलेला डबा घेऊन गॅरेजला धावलो, तर तिथे तो पुन्हा राखाडी. मला वाटलं, डोळे गेले. तेवढ्यात मिस्त्री म्हणाला, "शेठ, जरा वर बघा." वर बघितलं. उन्हाचा त्रास नको म्हणून अकरा वर्षांपूर्वी मीच बसवलेले छपराचे हिरवे प्लास्टिकचे पत्रे! त्यांच्याखाली सगळंच हिरवट दिसतं. (अकरा वर्षांत मी कुणाकुणाच्या गाड्या कसल्या रंगाच्या करून दिल्या, हा विचार सध्या बाजूला ठेवलाय.)

तिने एकच गोष्ट मागितली, आणि तीच मी नासवली. ती रविवारी येतेय.

आपला हबकलेला,
दाजी

ता.क. मुद्द्याचं राहिलंच. काहीही करून तिला बुधवारपर्यंत थांबवून घ्या. गुडघा दुखतोय म्हणून विव्हळा, वाटल्यास पडा.

ता.क. २. वरचं रद्द. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात सामान न्यायला आलेला रंगारी व्हरांड्यात फोनवर बोलताना ऐकला. "हो बाईसाहेब, जांभळा झक्क! तुम्ही म्हणालात तस्संच, डब्यात हात घातलाच त्यांनी... हो हो, तुमच्या राखाडीचा दुसरा डबा माझ्याकडे जपून ठेवलाय. लावून टाकू?... बरं, तुम्ही येऊन बघेपर्यंत हात लावत नाही."

दादा, सव्वीस वर्षं! तिला रविवारी खुशाल धाडा. फक्त तिची खोली रिकामी झाली की तिथे चार दिवस मी येऊन राहिलो, तर चालेल का?