कुंकवाखालची बंदूक

तात्या, तुमची बंदूक कवायतीची निघाली. चार दिवस झाले, हे एकच वाक्य तोंडात घोळतंय आणि सांगायला माणूस नाही, म्हणून तुम्हालाच सांगते. तुम्ही जाऊन वीस वर्षं झाली म्हणून काय झालं, ऐकून घ्या.

आई जाऊन वर्ष झालं. परवाना माझ्या नावावर करायचा, तर ठाण्यात म्हणाले, बंदूक कुठल्या बनावटीची, नंबर काय, ते लिहून आणा. नंबर दिसेल तर शपथ! दर खंडेनवमीला तेल, हळद, कुंकू, त्याचा हा थर चढलेला. आई कधी घासू द्यायची नाही, देवाचं अंग खरवडू नये म्हणायची. शेवटी सणसरहून बारामतीला नेली, बंदुका दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या चाचांकडे. त्यांनी रॉकेलचा बोळा फिरवला, लाकूड उतरवलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. "ताई, हत्यार पलटणीचंच हाय, इंग्रजाच्या काळातलं. पण हितं बघा, नळीच्या बुडाला भोक पाडलंय. आतली पिनबी कापल्याली. रंगरुटांना कवायतीला देत्यात तसली ही. हिच्यातनं गोळी सुटायची न्हाय." मग त्यांनी लोखंडावर कोरलेली दोन इंग्रजी अक्षरं दाखवली, कवायतीचा शिक्का. "वडलांना ठाऊक आसंल की." मला आठवलं, दर नवमीला आईच्या हातातला करंडा घेऊन, "हितं मी लावतो," म्हणत तुम्ही त्याच जागेवर बोटभर कुंकू थापायचा.

तेव्हापासून डोळ्यांसमोरून माझ्या लहानपणीचा तो ऊस हलत नाही. तोड संपत आलीय, चार सऱ्या उरल्यात आणि तेवढ्यात बिबट्या दडलाय. तोडीवरची एक बाई ऊर बडवतेय, तिचं तान्हं पलीकडच्या बांधावर, बाभळीच्या झोळीत आहे. फौजीला बोलवा, फौजीला बोलवा! भर दुपारी तुम्ही बंदूक घेऊन निघता, मी मागून पळते, बापाची लेक म्हणून मिरवत. तुम्ही झोळीच्या आणि उसाच्या मधोमध जाऊन उभे राहता. बिबट्या बाहेर येतो, दहा पावलांवर थांबतो. तुम्ही बंदूक खांद्याला लावता. "घाला गोळी, घाला!" लोक ओरडतात. तुम्ही घालत नाही. तो बघत राहतो, मग वळून कालव्याकडं निघून जातो. बाई पोराला उचलते आणि मागून हशा पिकतो, "फौजीची चड्डी वली झाली!"

माझ्या अंगाची लाही लाही झाली होती. जेवायला बसल्यावर मी ताट सरकवलं. "तात्या, तुमी भ्यालात." आई कडाडली, "बापाला आसं बोलत्यात व्हय गं?" तुम्ही तिलाच हातानं गप्प केलं, भाकरी मोडली. "व्हय, भ्यालो."

अहो, माझ्या कानात एवढं तरी सांगायचं होतं! त्यानंतर मी तुमच्याशी कामापुरतं बोलले. शेवटच्या दुखण्यातसुद्धा पाहुणीसारखी आले, चहा पिऊन गेले. राग येतो तुमचा. तुमच्यापेक्षा जास्त माझा येतो. रिकामं लोखंड खांद्याला लावून तुम्ही त्या पोरासाठी उभे होतात आणि मी हसणाऱ्यांच्या बाजूला गेले.

गावात तो किस्सा अजून चवीनं सांगतात. खरं सांगितलं तर भित्रेपणाचा डाग पुसेल. पण मग म्हणतील, फौजीनं जन्मभर मोडकी बंदूक मिरवली आणि आमाला गंडवलं. तुम्ही इतकी वर्षं झाकलेलं मी उघडं करू का? बसवत नाही, उठवत नाही, सारखी त्या बंदुकीपाशी जाऊन येते.

काल खंडेनवमी होती. बंदूक पाटावर मांडली. भावकी जमली, चहा झाला आणि चुलतभावानं बिबट्याचा किस्सा काढलाच. सगळे हसले. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, शिक्का समोर लख्ख दिसत होता. मी करंडा उचलला आणि त्या दोन अक्षरांवर बोटभर कुंकू थापलं. तात्या, मी भ्याले.