ढब्बूचे न मोजलेले गुण

मी, खाली सही करणारा, लिफ्ट दुरुस्तीच्या कामातून निवृत्त झालेला इसम, वय सत्तरीच्या पलीकडे, कुणाचीही बळजबरी नसताना आणि डोकं ठिकाणावर असताना हे लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी दिला आहे. बाकीच्या शरीराबद्दल ते काही बोलले नाहीत. याआधी मी एक मृत्युपत्र केलं होतं, ते बायकोच्या नावे होतं. ती गेल्यामुळे ते रद्द समजावं.

१. राहता फ्लॅट माझ्या एकुलत्या एका मुलीला द्यावा. तिने तो विकावा, भाड्याने द्यावा, नाहीतर कुलूप लावून ठेवावा. विकताना तिला भरून आलंच तर न्हाणीघराच्या छतातली गळती आठवावी, म्हणजे हात आपोआप सहीकडे जाईल. बँकेत जे काही उरलं असेल तेही तिचंच.

२. पान्हे, पकडी, मल्टिमीटर आणि तारांची पेटी कंपनीत माझ्या जागी आलेल्या मेकॅनिकला द्यावी. ड्रिल मशीन धाकट्या भावाकडे आहे. "दादा, उद्या आणून देतो," म्हणून त्याने ते नेलं, तो उद्या काही उजाडला नाही. ते मी त्यालाच देतो, म्हणजे निदान कागदोपत्री तरी ते त्याचं होईल आणि मलाही त्याच्यावर चिडायचा कंटाळा आला आहे.

३. सोसायटीच्या सेक्रेटरींना काहीही देऊ नये. लिफ्ट अडकली की ते माझ्या दारावर थाप मारत आणि सुरू झाली की माझ्याच नावाने खडे फोडत. त्यांना माझा नमस्कार सांगावा, तेवढा पुरे.

४. बायकोची कापड बेतायची मोठी कात्री मुलीला द्यावी. बायको तयार कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर होती. या कात्रीने कागद कापू नये. कापल्यास बायको जिथे असेल तिथून ओरडेल.

५. आता खेळाचं यंत्र. इथे वकील म्हणाले, "काका, खेळणं कशाला घालता यात? लोक हसतील." मी म्हटलं, "हसू द्या. पैसे तुम्हाला ओळींचे मिळतात ना?" ते पुढे लिहायला लागले.

माझा उजवा हात लिफ्टच्या दारात सापडला होता. बोटं वळेनात, तेव्हा व्यायाम म्हणून हे यंत्र घ्यायला सांगण्यात आलं. यात अंड्यांतून चित्रविचित्र प्राणी निघतात, ते वाढवायचे आणि दुसऱ्यांच्या प्राण्यांशी लढवायचे. प्रत्येकाला जन्मतः सहा गुण मिळतात: ताकद, वेग वगैरे. ते किती मिळाले हे खेळ कधीच सांगत नाही. पडद्यावर दिसतो तो आकडा जन्माचा, खाण्याचा आणि लढाईतून कमावलेला, सगळा एकत्र. मला त्यातलं काही कळत नव्हतं. बायकोला मात्र एका बैठकीत कळलं. म्हणाली, "अहो, शिवलेल्या कपड्यात शिवणीच्या आत किती जादा कापड, माया, सोडलीय, तसंच हे. वरून दिसत नाही, पण मोजून काढता येतं."

तिची पद्धत अशी होती. नवा प्राणी अंड्यातून निघाला की त्याला एकही लढाई लढू द्यायची नाही. पिल्लात फरक दिसत नाही, म्हणून फक्त ठरलेली फळं घालून त्याला वाढवायचं, मग दिसणाऱ्या आकड्यातून फळांचा वाटा वजा करायचा. उरतो तो जन्माचा. लढवायचं काम माझं, मोजायचं तिचं. एकदा दवाखान्यात नंबर यायची वाट बघताना मला राहवलं नाही आणि मी न मोजलेला प्राणी एका किरकोळ किड्याशी लढवला. सगळा हिशेब नासला. पुढे दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. "इतकी कसली हो घाई?" एवढंच म्हणाली.

ढब्बू नावाचा प्राणी अंड्यातून निघाला त्या दिवशी ती मुलीबरोबर मोठ्या इस्पितळात स्वतःचे रिपोर्ट आणायला गेली होती. परत आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाले?" ती म्हणाली, "सगळं ठीक आहे." मुलगी पाणी प्यायला आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. मग बायकोने यंत्र मांडीवर घेतलं, थोडा वेळ पडद्याकडे बघत बसली आणि म्हणाली, "हा पूर्ण आहे. सहाच्या सहा गुण पूर्ण. घ्या, लढवा आता."

असा प्राणी लोकांना जन्मभर मिळत नाही. मी ढब्बूला वाढवला आणि खेळाच्या दुकानात स्पर्धेला घेऊन गेलो. दुकानदाराकडे त्याच जातीचा, तितकाच वाढवलेला, तीच फळं खाल्लेला प्राणी होता. या खेळात ज्याचा वेग जास्त त्याचा वार आधी. पहिला वार त्याचा. पुन्हा खेळलो, पुन्हा त्याचाच. दुकानदार म्हणाला, "काका, रागवू नका, पण माझ्याचा वेग पूर्णापेक्षा थोडा कमी आहे. तुमचा पूर्ण असता तर पहिला वार तुमचा झाला असता. मोजलाय कुणी?" मी त्याला नाही नाही ते बोललो आणि ते दुकान सोडलं. आज इथे लिहितो की त्याचं बरोबर होतं. त्याला ढब्बू सोडून माझे बाकी सगळे प्राणी द्यावेत.

घरी येऊन मी यंत्रातली फळांची पिशवी उघडली. मोजणीसाठी तिने वेगळी ठेवलेली फळं जशीच्या तशी होती. म्हणजे तिने चुकीचं मोजलं नव्हतं, मोजलंच नव्हतं. लढायांची कमाई अंदाजाने वजा करून मी स्वतः हळूहळू हिशेब केला. ढब्बू साधारण निघाला, वेगात तर अगदीच ढ.

जी बाई वीतभर कापड वाया जाऊ देत नाही ती न मोजता "पूर्ण" म्हणाली. का म्हणाली, याचा मी रात्रभर विचार केला नाही, करावाच लागला नाही. त्या दिवशी तिने मला दोन गोष्टी एकाच आवाजात सांगितल्या होत्या. एक खोटी निघाल्यावर दुसरी मला कुणाला विचारायची गरज राहिली नाही.

६. हे कलम वकिलांनी काढायला सांगितलं, कारण यात मालमत्ता नाही. मी काढत नाही. हे माझ्या मुलीसाठी आहे.

बाळ, यंत्राच्या आतली बॅटरी संपत आली आहे. ती संपली की ढब्बू पुसला जाईल, म्हणून त्याला तुझ्या नव्या यंत्रात घे. नव्या खेळात बटण दाबलं की जन्माचे गुण सरळ दिसतात. ते बघून तुला वाटेल की आईने बाबांना शेवटपर्यंत फसवलं आणि आपण त्यात सामील होतो. हे तुला नुसतं वाटत नाही, तू गेली कित्येक वर्षं ते उराशी धरून बसली आहेस. तू येतेस, जेवतेस, माझ्याकडे न बघता निघून जातेस. आईने तुला शपथ घातली असणार, "बाबांना सांगू नकोस." आणि ती गेल्यावर तुला वाटलं, बाबांना निरोपही घेता आला नाही.

तू चिडली होतीस आठवतं? "आई आजारी दिसतेय आणि तुम्ही गुडघ्याचं निमित्त करून नोकरी सोडता? घरी बसून खेळायला?" माझे गुडघे ठणठणीत होते. स्पर्धेहून परतलो त्याच आठवड्यात मी राजीनामा दिला. तिच्याजवळ बसायचं होतं, आणि मला कळलंय हे तिला कळू द्यायचं नव्हतं. तिला मी न घाबरलेला हवा होतो. तेवढं मी केलं. रोज तिच्या शेजारी बसून ढब्बूला लढवला, रोज हरलो, आणि ती हसली. बोलायचं ते सगळं बोलून झालं होतं, बाळ. माझा निरोप राहिला नाही. तुझ्यावर माझा काडीचाही राग नाही, कधी नव्हता. हे समोर बसून सांगायला हवं होतं, पण तू समोर बसलीस की माझीही जीभ उचलत नाही. दमलोय मी. आता पुढच्या वेळी आलीस की माझ्याकडे बघ.

हे सर्व मी वाचून घेतलं, माझंच आहे, म्हणून सही करतो.

सही: लिफ्टवाले काका (पूर्ण नाव वकिलांच्या शिक्क्याखाली)

साक्षीदार पहिला: खालच्या मजल्यावरचे डॉक्टर

साक्षीदार दुसरा: खेळाच्या दुकानाचा मालक

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली

तारीख: शिक्क्यावर आहे ती. प्रत मुलीला आजच द्यावी, मी मरेपर्यंत थांबू नये.