लाल दगडांच्या बागेची वाटणी

दयाळू अल्लाच्या नावाने.

मी, मीर आगा वल्द गुलाबुद्दीन, वय सदुसष्टच्या आसपास (नक्की तारीख आईला ठाऊक होती, मी विचारायच्या आत ती गेली), राहणार कला-ए-शाहतूत, शमालीचे मैदान, परवान प्रांत, धंदा आधी द्राक्षबागायत, मग सोळा वर्षे जमिनीतले सुरुंग काढणे, मग पुन्हा द्राक्षबागायत, हे मृत्युपत्र करून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. हात कापतात ते यकृताच्या दुखण्याने, कुणाच्या धाकाने नव्हे. मी सांगतो आहे आणि माझी मुलगी माहजबीन लिहिते आहे, कारण न्यायाधीशाला वाचता येईल असे अक्षर या गावात फक्त तिचे आहे. ज्यांनी तिची मुलींची शाळा बंद केली, त्यांनी आपले अर्जही तिच्याकडूनच लिहून घेतले.

एक. राहते घर या मृत्युपत्रात धरू नये. ते मी हयातीतच माहजबीनला बक्षीस देऊन किल्ल्या तिच्या हाती दिल्या आहेत. ती विधवा आहे, लाचार नाही. तिच्याशी निकाह लावून घर मिळवण्याची कल्पना ज्या तिघांना सुचली, त्यांनी ती आपापल्या घरी परत न्यावी.

दोन. मुलगा फरीदून अकरा वर्षांपासून हॅम्बुर्गला आहे. गेल्या रमजानात त्याचा फोन आला.

"बाबा, बाग हशमतकाकांना देऊन टाका. मी त्यांना शब्द दिलाय. तिथं काय ठेवलंय आता?"

"तुझ्या आईची कबर ठेवली आहे."

"आवाज नीट येत नाहीये," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

शरियतप्रमाणे त्याला दोन वाटे आणि बहिणीला एक. तो कायदा मला बदलता येत नाही. मात्र त्याचे दोन्ही वाटे बागेच्या वरच्या अंगाचे काढावेत, जिथे पाणी चढवावे लागते. तिथली मशागत त्याने फोनवरून करावी.

तीन. माझी टोचायची सळई, माती झाडायचा ब्रश आणि गुडघ्याखाली घ्यायची गादी माझ्या तुकडीतल्या इस्माईलला द्यावी. गादी फाटकी आहे. तीन निरनिराळ्या लढायांत पुरलेले सुरुंग काढताना ती माझ्या गुडघ्याखाली होती. ते पुरणाऱ्यांपैकी एकही परत येऊन तिच्यावर गुडघे टेकून बसला नाही. शिरस्त्राण घालून माझ्या शेजारी फोटो काढून घेणारे पुष्कळ आले. ते फोटो चुलीत घालावेत.

चार. परसात लाल रंगाचा अर्धा डबा आहे. तो कमांडर हशमतला द्यावा. का, ते पुढे येते.

पाच. बाग.

हशमत आमच्याच गावचा. चार राजवटी आल्या. प्रत्येकीसाठी त्याच्या दाढीची लांबी वेगळी होती, माणूस तोच. बंदुकीशिवाय त्याने आयुष्यात काही पिकवले नाही. माझी बाग लढाईमुळे आम्ही गाव सोडून पळालो त्या वर्षी जळाली आणि तिच्यात सुरुंग पेरले गेले. सुरुंग काढणाऱ्या आमच्या संस्थेच्या यादीत ती शेवटी होती, म्हणून दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मी एकट्यानेच ती वीत वीत मोकळी केली. तीन वर्षे लागली. शेवटी कडेने पांढरे दगड मांडले. लाल दगड म्हणजे धोका, पांढरा म्हणजे निर्धास्त चाला, हे आमच्याकडे रांगते मूलसुद्धा जाणते.

त्याच आठवड्यात हशमत मोजणीदाराला घेऊन बांधावर हजर.

"उस्ताद, कमाल केलीत! जमीन मोकळी झाली म्हणायची. ही माझ्या आजोबांची ना?"

सुरुंग होते तोवर त्याला आजोबा आठवले नव्हते. कोर्टात त्याचा भाऊ होता, रस्त्यावर त्याची माणसे होती. माझ्याजवळ फक्त माझे तोंड होते.

"मोकळी कुठं, कमांडरसाहेब?" मी म्हणालो. "वरचा थर निघाला. खाली जुने आहेत, खोलवर पुरलेले. या ना आत, बघू वाजतात का."

त्याने उचललेले पाऊल असे मागे घेतले की चप्पल बागेतच राहिली. ती आणायला त्याने माणसाला सांगितले. माणूस म्हणाला, "साहेब, नवीन घेऊ." एवढ्या शूर फौजेने आमच्यावर राज्य केले.

त्या संध्याकाळी मी सगळे पांढरे दगड लाल रंगवले.

आठ वर्षे हशमत बांधापलीकडून बागेकडे बघत राहिला. मी रोज लाल दगड ओलांडून आत जायचो, वेली छाटायचो, द्राक्षे उतरवायचो. लोक म्हणायचे, उस्तादला वाट पाठ आहे. मला हसू यायचे. हशमतसारख्या माणसाला एवढ्याशा रंगाने रोखले, याची मला फार घमेंड होती.

सहा. आता माझ्याविषयी. वर इतरांना बोललो ते पुरे. यात सवलत नको.

दोन वर्षांपूर्वी खुदादाद धनगर जुन्या चौकीखालच्या उतारावरून शेळीमागे गेला. तिथले लाल दगड खरे होते. ते मीच मांडले होते. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली उरला नाही. मी काबूलच्या इस्पितळात गेलो, तेव्हा तो म्हणाला, "उस्ताद, तुम्ही रोज लाल दगड ओलांडून जाता ना. मला वाटलं, आता नुसता रंगच उरलाय."

मी त्याला म्हणालो, "झोप आता." एवढेच म्हणालो, आणि बसने घरी आलो.

हशमत जमिनी चोरतो. मी गावाचा लाल रंगावरचा विश्वास चोरला, आणि वर शहाणा म्हणून मिरवलो. सोळा वर्षे ज्या कामाची भाकरी खाल्ली त्याच कामात खोटे बोललो. दोन वर्षे गप्प राहिलो. माहजबीनने शेवटी सांगितले, "बाबा, कमांडरला घाबरत नाही म्हणता, मग खुदादादला का घाबरता?"

मागच्या शुक्रवारी तिने चुन्याची बादली घेऊन सगळे दगड पांढरे केले. हशमत रस्त्यावर गाडी थांबवून बघत होता.

"काय ग, आता काय काढलं आतून?"

"तुमची भीती, काका," ती म्हणाली, आणि पुढच्या दगडाकडे गेली.

तरी मी इथे लिहून देतो: बागेत एकही सुरुंग नाही, आठ वर्षांपूर्वीही नव्हता. चौकीखालच्या उतारावर आहेत. तिथले लाल दगड खरे आहेत. हा मजकूर मशिदीत तीन शुक्रवार मोठ्याने वाचावा.

सात. जो माझा वारस नाही त्यालाही मिळकतीचा तिसरा हिस्सा देता येतो. तो मी बागेच्या खालच्या अंगाने, पाटाच्या तोंडासकट, देतो. हशमतने फरीदूनचा वाटा खुशाल विकत घ्यावा. त्याला पाणी याच हिश्श्यातून न्यावे लागेल, आणि तिथे राखणीला खुदादादचे चार थोरले भाऊ असतील.

हा हिस्सा मी खुदादादच्या नावे करणार होतो. परवा त्याला बोलावून सगळे सांगितले. तो कुबडी मांडीवर आडवी ठेवून ऐकत राहिला. मग म्हणाला, "माझ्या नावावर करू नका."

"का?"

"खाल्ल्या मिठाला जागायची खोड आहे मला. बाग घेतली तर तुम्हाला शिव्या देता येणार नाहीत. आणि मला द्यायच्यात, उस्ताद. पुष्कळ द्यायच्यात. बायकोच्या नावावर करा."

म्हणून हा हिस्सा त्याची पत्नी गुलअंदाम बिन्त याकूब हिच्या नावे करतो.

आठ. माझ्या दफनाच्या वेळी खुदादादला पुढच्या रांगेत खुर्ची द्यावी. त्याला जे बोलायचे असेल ते त्याने बोलावे. कुणी त्याला गप्प करू नये. मुल्ला नेअमत म्हणतात, मय्यतीसमोर असे शोभत नाही. मी म्हणालो, तुम्ही कानांत बोटे घाला, मी ऐकेन.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे. माहजबीनची सही साक्षीला चालत नाही असे सांगण्यात आले. अक्षर तिचे आहे, ते पुसता येणार नाही.

ठिकाण: कला-ए-शाहतूत. तारीख: १४ मीझान १४०३.

सही: मीर आगा

साक्षीदार:
१. मुल्ला नेअमत, इमाम (कलम आठला नाराजी नोंदवून)
२. इस्माईल वल्द शेर आगा, सुरुंग काढणारा. उतारावरचे काम मी हाती घेतो.